एचएससी८ ६-४ क्रिम्पिंग टूल : पॅनल वायरिंग करणाऱ्याचा रिव्ह्यू

ज्यांना घरातला एखादा स्विचबोर्ड बदलायचा असेल त्यांना हे टूल लागणारच नाही, त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. हे लिहितोय ते आयटीआय करून नुकतंच पॅनल शॉपला लागलेल्या पोरांसाठी, आणि जे ठेकेदाराकडून लागतात आणि ज्यांना जॉइन होतानाच सांगितलं जातं की टूल तुझे तू आण, त्यांच्यासाठी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल असेंब्लीला आहे, आमच्याकडे एमसीसी (मोटर कंट्रोलचे पॅनल), पीएलसी पॅनल (मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचे), एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे) असं सगळं बनतं, आणि दिवसभर हातात सगळ्यात जास्त वेळ स्क्रूड्रायव्हर नसतो, क्रिम्पिंग टूल असतं, म्हणजे वायरच्या टोकावर धातूची छोटी नळी (पिन) दाबून घट्ट बसवायचं टूल. ऑनलाइन या टूलचे रिव्ह्यू वाचले तर "छान आहे, डिलिव्हरी वेळेवर झाली" याच्या पुढे कोणी जातच नाही, आणि तेवढ्यावर पॅनलचं काम करणाऱ्या माणसाने पैसे कसे घालायचे? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टूल कुठलं ते आधी. मॉडेल नंबर एचएससी८ ६-४. हे एकाच कंपनीचं नाहीये, एकच डिझाइन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, कोणाचं हँडल पिवळं, कोणाचं निळं, कोणाचं लाल-काळं, आत सगळं सारखंच दिसतं पण फिनिशिंगमध्ये फरक असतो, त्यावर पुढे येतो. ६-४ मध्ये चार जबडे आहेत आणि पिन चौकोनी दाबली जाते, याचाच भाऊ ६-६, त्यात षटकोनी. रेंज ०.२५ ते ६ स्क्वेअर एमएम, म्हणजे वायरच्या तांब्याची जाडी (छेदाचं क्षेत्रफळ). किंमत साधारण हजार-दीड हजाराच्या आसपास, ऑफर असेल तर त्याहून कमी, आणि बऱ्याच वेळा सोबत रंगीत पिनांचा मोठा डबा फुकट देतात. आपल्या शॉपमध्ये फेरूल मागितलं की वायर नंबरची नळी हातात ठेवतात आणि या डब्यावर फेरूल म्हणून वायरच्या टोकाची पिन असते, म्हणून मी खाली सगळीकडे पिनच लिहितोय, घोळ नको.

आता नवीन पोरांना पहिला प्रश्न हा पडतो की एवढं टूल कशाला, वायर सोलली, पीळ दिला, टर्मिनलमध्ये घातली, स्क्रू टाइट केला, झालं की. नाही होत. कंट्रोल वायरिंगची वायर फ्लेक्झिबल असते, बारीक बारीक तारांची, तिला नुसती स्क्रूखाली दाबली तर काही तारा बाजूला पळतात, एखादी बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला टेकते, आणि उरलेल्या तारांवर दाब एकसारखा बसत नाही. काही जुने लोक टोकाला सोल्डर लावायचे. दिसायला ते एकदम घट्ट दिसतं पण सोल्डर मऊ धातू आहे, स्क्रूच्या सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू अर्धा-पाऊण आटा फिरतो. सैल झालं की रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की गरम होतं, गरम झालं की अजून सैल होतं. पॅनल जळतात ते बहुतेक वेळा असेच, एखाद्या कोपऱ्यातल्या एका टोकापासून सुरू होऊन. आणि टोकं किती असतात विचार करा, प्रत्येक वायरला दोन, म्हणजे ५०० वायरच्या पॅनलला १००० क्रिम्प, आणि त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी ज्याने वायरिंग केलं त्याचंच नाव निघतं, डिझाइनवाल्याचं नाही निघत.

म्हणून माझं म्हणणं एकदम सरळ आहे. हातात पहिला पगार आला की पहिलं चांगलं टूल क्रिम्पिंगचं घ्या, बाकीचं नंतर. पक्कड, कटर, स्क्रूड्रायव्हर यात आपल्याकडे तापारिया आहेच, १९६९ पासून हँड टूल बनवतायत, स्वीडनच्या कंपनीच्या टेक्निकल मदतीने सुरुवात झाली होती, फॅक्टरी आपल्या नाशकातच आहे आणि माल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यात फार डोकं लावायची गरज नाही. डोकं लावायचं ते क्रिम्पिंग टूलला.

टूल हातात घेतल्यावर पहिलं जाणवतं ते वजन, अगदी खेळण्यासारखं हलकं नाहीये, बरं वाटतं हातात. दाबायला लागलं की रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने सरकणाऱ्या दातांचा, कट कट आवाज येतो आणि पूर्ण दाबल्याशिवाय ते उघडत नाही. ही या टूलमधली सगळ्यात कामाची गोष्ट. तुम्ही थकला असाल, संध्याकाळचे सहा वाजले असतील, पॅनल उद्या डिस्पॅचला असेल आणि सुपरवायझर मागे उभा असेल, तरी टूल अर्धवट क्रिम्प करू देत नाही, रॅचेट संपल्यावरच सोडतं. मधेच पिन वाकडी अडकली तर आत एक छोटी रिलीजची पट्टी आहे, ती बोटाने सरकवली की उघडतं. ती पट्टी कुठे आहे हे काम सुरू करायच्या आधी बघून ठेवा, नाहीतर अडकलेल्या पिनसकट टूल ओढत बसाल आणि जबडा खराब कराल.

दुसरी गोष्ट, साइज बदलायला काही करावं लागत नाही. ०.७५ ची पिन घाला किंवा ४ ची, चारही जबडे आपोआप तेवढेच बंद होतात. जुन्या टाइपच्या टूलमध्ये एका पट्टीवर वेगवेगळ्या खाचा असतात आणि प्रत्येक साइज आपल्या खाचेत घालावी लागते, घाईत १.५ ची पिन २.५ च्या खाचेत गेली की क्रिम्प ढिला आणि वरून कळत पण नाही. इथे ती भानगड नाही. नवीन पोराच्या हातात मी हेच देईन.

पण, आणि हा पण मोठा आहे, बॉक्समधून काढून लगेच काम सुरू करायचं नाही. रॅचेटपाशी एक छोटं दातेरी चाक असतं, त्यावर प्लस आणि मायनस लिहिलेलं असतं आणि एका बारीक स्क्रूने ते लॉक केलेलं असतं. दाब किती द्यायचा ते या चाकावर ठरतं. फॅक्टरीतून ते कसंही सेट होऊन येतं. आमच्याकडे दोघा-तिघांनी ही टूल घेतली, एकाचं इतकं ढिलं होतं की १.५ ची पिन हाताने ओढली तर सरकत होती, दुसऱ्याचं इतकं कडक की पिनला कडेने चिरा जात होत्या. दोन्ही टूल चाक फिरवून ठिकाणावर आली. स्क्रू काढायचा, चाक एकच दात प्लसकडे सरकवायचं, क्रिम्प करून बघायचं, परत एक दात, असं. एकदम चार दात फिरवू नका.

सेटिंग बरोबर आहे हे कसं ओळखायचं? आमच्या शॉपमध्ये एक सीनियर मामा आहेत, वायरिंगमध्येच केस पांढरे केलेत, त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडते. क्रिम्प केलेली पिन ते व्हाइसमध्ये धरतात आणि वायर ओढतात, झटका नाही द्यायचा, सावकाश. मला पहिल्यांदा दाखवताना म्हणाले, "हे बघ, झटका दिला तर चांगली वायर पण तुटेल आणि तुला वाटेल क्रिम्प पास झाला. हळू ओढ आणि धरून ठेव." आयईसी ६०९४७-१ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये टर्मिनलला लावलेल्या वायरसाठी जे ओढायचे आकडे आहेत ते १.५ स्क्वेअर एमएमला ४० न्यूटन आणि २.५ ला ५० न्यूटन, म्हणजे साधारण चार आणि पाच किलो, तेवढं एक मिनिट टिकायला पाहिजे. स्टँडर्ड टर्मिनलच्या पकडीचं आहे पण आपल्याला क्रिम्प चेक करायला अंदाज म्हणून चांगलं आहे. माशाच्या गळासारखा दिसणारा हूकवाला डिजिटल वजनकाटा मिळतो ना, सामान मोजायचा, तो घ्या आणि त्यानेच ओढून बघा. या टूलवर सेटिंग नीट झाल्यावर १.५ ची वायर पाच किलोच्या वर सुद्धा हलली नाही.

अजून एक करून बघा, खरंच बघण्यासारखं आहे. क्रिम्प केलेली पिन बारीक हॅकसॉ ब्लेडने मधोमध आडवी कापा, कापलेला भाग आधी जाड मग बारीक पॉलिश पेपरवर घासा आणि भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. बरोबर क्रिम्पमध्ये गोल तारा गोल राहतच नाहीत, एकमेकांवर दाबून त्यांना कोपरे येतात आणि मधली हवा संपते, सगळं तांबं एकच तुकडा असल्यासारखं दिसतं. मग पक्कडने दाबलेली पिन अशीच कापून शेजारी ठेवा. तिथे पिन चपटी झालेली असते, कडेच्या तारा दाबलेल्या आणि मधे काळ्या फटी, तारा अजून गोलच. त्या फटीतून हवा जाते, दमटपणा जातो, तांबं काळं पडतं. ज्याने एकदा हे दोन तुकडे शेजारी शेजारी बघितले तो परत पिनला पक्कड लावत नाही, मी अजून तरी असा कोणी बघितला नाहीये.

आता साइजवार सांगतो कारण "०.२५ ते ६" हे लिहायला सोपं आहे. ०.७५, १, १.५, २.५ या चार साइजला हे टूल खरंच चांगलं आहे, आणि कंट्रोल पॅनलचं बहुतेक काम याच साइजमध्ये असतं, कंट्रोलला १ किंवा १.५ आणि सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) सर्किटला २.५. ०.५ ला पण चालतं पण प्रत्येक वेळी ओढून बघा. ०.२५ ला मला भरवसा वाटला नाही, बारीक पिनला जबड्यांची पकड चारही बाजूंनी सारखी बसत नाही, पिन थोडी पिळल्यासारखी होते. ४ ला ठीक. ६ ला क्रिम्प होतो पण हाताला जोर फार लागतो, दोन्ही हातांनी दाबावं लागतं, एखाद-दुसरा करायचा असेल तर ठीक, पन्नास करायचे असतील तर वेगळं टूल घ्या. आणि ६ च्या पुढे तर हे टूलच नाही, तिथे मोठे लग्ज (जाड वायरच्या टोकाला लावायचे) येतात, त्याला हँड किंवा हायड्रॉलिक क्रिम्पिंग आणि साइजप्रमाणे डाय (दाबायचा साचा), तो विषय वेगळा. ट्विन पिन, म्हणजे एकाच टर्मिनलला दोन वायर घालायच्या असतात त्याची चपटी कॉलरवाली (मागे प्लास्टिकची टोपी असलेली) पिन, ती दोन १.५ ची मस्त होते, दोन २.५ ची होते पण जोर लागतो. आणि रिंग किंवा फोर्क टाइपचे लाल-निळे-पिवळे इन्सुलेटेड लग यात अजिबात दाबू नका, त्यांचं टूल वेगळं असतं, अंडाकृती खाचांचं.

जिथे हे टूल खरंच मागे पडतं ते म्हणजे पॅनलच्या आत. पिन यात आडवी जाते, टूलच्या तोंडाच्या समोरून नाही तर बाजूने. टेबलावर वायर कापून, दोन्ही टोकं करून मग पॅनलमध्ये नेत असाल तर काही फरक पडत नाही. पण आपल्याकडे बहुतेक जण वायर डक्टमधून (वायर ठेवायच्या प्लास्टिकच्या खाचेतून) ओढून, लांबी पॅनलमध्येच मापून, तिथेच कापून पिन लावतात, आणि तेव्हा वायरचं टोक डक्टच्या बाहेर जेमतेम चार बोटं असतं, शेजारी आधीच केलेल्या वायर, खाली कॉन्टॅक्टर, आणि त्यात टूल आडवं घुसवायचं म्हणजे मनगट उलटं करावं लागतं. महागड्या टूलमध्ये समोरून पिन घालायचे प्रकार येतात, डोकं फिरणारे पण येतात, तिथे खरा फरक कळतो. दुसरं, पिन लांब असेल, १२ एमएमची वगैरे, तर एका दाबात पूर्ण क्रिम्प होत नाही, सरकवून परत दाबावं लागतं. ८ एमएमची असेल तर प्रश्न नाही.

आमच्या कंपनीच्या टूल क्रिबमध्ये (टूल ठेवायच्या खोलीत) जर्मन टूल आहेत, क्निपेक्सचं सेल्फ अ‍ॅडजस्टिंग आहे, वाइडम्युलर आहे, फिनिक्स काँटॅक्टचं क्रिम्पफॉक्स आहे. दहा हजाराच्या वरची वस्तू आहे, आणि खरं सांगायचं तर हातात घेतलं की कळतं पैसे कुठे गेलेत. दाबताना जोर कमी लागतो, सगळ्यात बारीक साइजला पण क्रिम्प स्वच्छ येतो, आणि शेवटची पिन पण पहिल्या पिनसारखीच दिसते. स्वस्त टूलमध्ये नेमकं तिथे गडबड आहे, सेटिंग टिकत नाही. महिना-दोन महिने रोजचं काम झालं की परत ओढून बघावं लागतं, चाक परत एखादा दात सरकवावं लागतं. जो माणूस हे नियमाने करेल त्याला हे टूल चांगलं साथ देईल, जो करणार नाही त्याने घेऊ नये असं मी स्पष्ट म्हणेन.

आणि ज्यांच्या कामाला क्लायंटचं इन्स्पेक्शन असतं, डिस्पॅचच्या आधी टेस्टिंग बघायला माणसं येतात, तिथे क्यूसीवाले (क्वालिटी तपासणारे) टूलवर कॅलिब्रेशनचा स्टिकर मागतात, तारीख मागतात. या टूलला तो स्टिकर कोणी लावून देणार नाही. तिथे कंपनीचंच टूल वापरा, आणि कंपनी देत नसेल तर मागा. पोरं मागायला लाजतात, नवीन असतात, वाटतं काढून टाकतील. क्रिम्पचं टूल देणं हे कंपनीचं काम आहे, हजारो टोकं करणाऱ्या माणसाने ते आपल्या पगारातून आणायचं हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पण परिस्थिती आहे ती आहे, ठेकेदाराच्या पोरांना बॅगेत काहीतरी ठेवावंच लागतं आणि त्यांच्यासमोर पर्याय हे टूल किंवा पक्कड एवढाच असतो. त्यात हे टूल, विचार पण करू नका.

पक्कडचं काय होतं त्याचं एक उदाहरण. एका साइटवरून कॉल आला होता, कन्व्हेअर मधेच थांबतो, पीएलसीचा एक इनपुट जातो आणि दोन सेकंदांनी परत येतो. सेन्सर बदलून झाला, इनपुट कार्ड बदलून झालं, तरी तेच. आम्ही गेलो तेव्हा पॅनलचं दार आपटून लावलं की इनपुट जायचा, सावकाश लावलं की काही नाही. एकेक टर्मिनलची वायर हलवून बघत गेलो आणि एक वायर पिनमधून सरळ हातात आली, पिन टर्मिनलमध्येच राहिली, स्क्रू एकदम टाइट. आमच्या वायरिंगनंतर साइटवर कोणीतरी दोन वायर वाढवल्या होत्या आणि पिना पक्कडने चपट्या केल्या होत्या. वरून बघितलं तर पिन लावलेली, कॉलर लावलेली, नंबर लावलेला, सगळं व्यवस्थित. एवढ्याशा पिनपायी लाइन किती वेळा बंद पडली असेल आणि किती सामान उगाच बदललं गेलं असेल.

सोबत जो फुकटचा डबा येतो त्याबद्दल. त्यातल्या पिना शिकायला वापरा, पॅनलला वापरू नका. आमच्याकडे आलेल्या डब्यातल्या पिनांची भिंत पातळ होती, दाबली की कडेने फाटायची, कॉलर नखाने सुटायची. चांगली पिन तांब्याची असते, वरून टिनचा मुलामा. लोहचुंबक लावून बघा, पिन चिकटली तर सरळ बाजूला ठेवा. आणि रंगावर विश्वास ठेवू नका, हे फार महत्त्वाचं. डीआयएन ४६२२८ या जर्मन स्टँडर्डच्या रंगात ०.७५ राखाडी, १ लाल, १.५ काळी, २.५ निळी, ४ परत राखाडी, ६ पिवळी. पण दुसरा एक फ्रेंच रंगकोड पण बाजारात चालतो, त्यात ०.७५ निळी, २.५ राखाडी, ४ केशरी, ६ हिरवी. म्हणजे निळी पिन कोणाकडे २.५ आणि कोणाकडे ०.७५. पाकिटावरचा नंबर वाचा, ई१५०८ लिहिलं असेल तर १.५ स्क्वेअर एमएम आणि पिनची लांबी ८ एमएम. पाकीट टाकून दिलं आणि सगळ्या पिना एका डबीत ओतल्या की मग काही खरं नाही.

वायर सोलण्याचं पण याच्याशीच जोडलेलं आहे. ई१५०८ ला साधारण १० एमएम सोलायची, पिनच्या टोकाशी तांबं बरोबरीने दिसलं पाहिजे, अर्धा एमएम बाहेर आलं तर चालतं, आत राहिलं तर नाही, कारण मग टूल रिकामी नळी दाबतं. आणि वायरचं इन्सुलेशन पिनच्या कॉलरमध्ये पूर्ण गेलं पाहिजे. सोलताना दोन-तीन तारा कापल्या गेल्या तर परत सोला. जगातलं सगळ्यात महाग टूल पण तुटलेल्या तारा परत आणून देत नाही.

हाताचं सांगायचं राहिलं. दिवसभर दाबायचं काम आहे, आणि या टूलचं हँडल थोडं जास्त उघडतं. ज्यांचे हात लहान आहेत, आमच्याकडे असेंब्लीला मुली पण बऱ्याच आहेत, त्यांना पूर्ण उघडलेलं हँडल एका हाताच्या पकडीत यायला त्रास होतो, एक-दोघींनी तर टूल टेबलावर टेकवून दाबायची सवय लावून घेतलीय. संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात दुखतं. हे हसण्यावारी नेऊ नका, मनगट गेलं की या लाइनमध्ये काम करणं अवघड होतं. मी सगळ्या वायर आधी कापून, सोलून घेतो आणि मग क्रिम्प करतो, पण सलग नाही, थोड्या झाल्या की नंबर घालायचं काम, मग परत क्रिम्प. हाताला बदल मिळतो आणि काम पण अडत नाही.

देखभाल फार नाही. पिव्होटच्या पिनांना आठवड्यातून एकदा मशीन ऑइलचा थेंब, जबड्यांना तेल नको कारण ते पिनला लागतं, जबडे ब्रशने साफ करा कारण तांब्याचा आणि टिनचा बारीक चुरा आत बसतो आणि मग चौकोन तिरका यायला लागतो. टूलने स्क्रू ठोकू नका, वायर कापू नका. स्प्रिंग गेली तर स्पेअर मिळत नाही, शोधून बघितलंय, तेव्हा टूल संपलं असं समजा.

घ्यायचं कुठून? ऑनलाइन स्वस्त पडतं पण हातात घेऊन बघता येत नाही, आणि आधी सांगितलं तसं फिनिशिंगमध्ये फरक असतो. मुंबईला जाणं होत असेल तर लोहार चाळ किंवा नागदेवी, तिथे दुकानदार दोन-चार पीस काढून ठेवतो, भाव पण थोडा कमी करतो. खिशात १.५ ची वायर आणि थोड्या पिना घेऊन जा, दुकानातच क्रिम्प करून दाखव म्हणा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. पिनच्या चारही बाजूंवर ठसा सारखा उमटलाय का बघा, एका बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला नुसती रेघ असेल तर तो पीस परत द्या. टूल रिकामं दाबून उजेडाकडे धरा, चारही जबडे मधे एकाच जागी भेटले पाहिजेत. सेटिंगचं चाक फिरतंय का ते पण बघा, काही पीसमध्ये त्याचा लॉकचा स्क्रू इतका घट्ट बसवलेला असतो की त्याची खाच आधीच खराब झालेली असते.

मला विचाराल तर २.५ पर्यंतच्या कामाला पाचपैकी चार देईन, ४ आणि ६ साठी तीन, पॅनलच्या आत अडचणीत काम करायला दोन. साइटवर जाणाऱ्यांच्या बॅगेत तर हे असायलाच पाहिजे, तिथे कोणाचं महागडं टूल हरवायची भीती पण नसते. आणि ऑर्डर टाकताना ६-४ आहे की ६-६ ते नीट बघून घ्या, फोटो सारखेच असतात, पुश-इन टर्मिनल (वायर नुसती ढकलून बसते ते) आणि साध्या स्क्रू टर्मिनलला मला चौकोनीच जास्त बरं वाटलं, पकड चारही सपाट बाजूंवर येते. ६-६ कोणी रोजच्या पॅनलच्या कामाला वापरत असेल तर खाली लिहा, विशेषतः ४ स्क्वेअर एमएमला कसं आहे ते.